घराला पाणी पाजणारे मालक

लोक झाडाला पाणी घालतात, जनावराला पाजतात. आमचे घरमालक घराला पाणी पाजायचे. होळी झाली की रोज दिवस कलायच्या बेताला ते पितळी बादली घेऊन निघत आणि घराच्या चारी अंगांनी, पायाच्या कडेकडेने, तान्ह्या लेकराच्या टाळूवर तेल घालावं इतक्या बेताने पाणी सोडत जात. मधेच थांबून वाकत आणि विचारत, "प्यालास का?" उत्तराची वाट बघून पुढे सरकत.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुंपणाला मेंदी लावली असेल.

"काय लावलंय मालक?"

"घर लावलंय," ते म्हणाले, आणि उरलेलं पाणी उंबऱ्याजवळ ओतून निघून गेले.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा होता आणि फाट्यावरून आत, डोंगळ्यांच्या रांगेसारख्या वाकड्यातिकड्या गाडीवाटेने गेलं की गाव. गावात जिल्हा परिषदेची शाळा, शाळेत मी. एकट्या बाईला गावात खोली द्यायला कुणी धजेना. मालक स्वतः शाळेत आले. धोतर, वर पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पायात मात्र काही नाही. म्हणाले, "बाई, फाट्यावर ऱ्हा. गावाचं काय घेऊन बसलात, गाव आज हाय उद्या न्हाई. फाटा हमेशा ऱ्हानार."

फाट्यावर एक कडुलिंब, चहाची टपरी, पंक्चरवाला आणि यांचं घर. एवढ्या भांडवलावर हा माणूस 'हमेशा' म्हणत होता. मी खोली घेतली, कारण दुसरी नव्हती.

आमच्याकडे जुनी रीत अशी की गाव पांढरीत बसवायचं आणि पीक काळीत घ्यायचं. पांढरी माती घट्ट, तिच्यावर घर उभं राहतं. काळीत काहीही पेरा, उगवतं. पण काळी एका जागी राहत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून अशी फाटते की करडाचा पाय भेगेत अडकावा. मालकांनी आपलं घर बांधलं ते थेट काळीत, रस्त्याला तोंड करून. खाली मुरूम लागेपर्यंत खोदायला हवं होतं. तो फार खोल निघाला आणि यांना घाई होती. मग ते घर जमिनीबरोबर वर्षभर श्वास घेई. आषाढात दारं लागत नसत, चैत्रात लागलेली राहत नसत. मालकांनी देवळीत देवाशेजारी रंधा ठेवला होता. पाऊस सुरू झाला की दार तासायचं, ही त्यांची दरसालची पूजा. माझ्या खोलीचं दार इतकं तासलेलं होतं की उन्हाळ्यात खालून मांजर न वाकता आत यायचं.

भिंतींना भेगा पडत. प्रत्येक भेगेवर ते एक कॅलेंडर लावत. त्यामुळे त्या घरात जितक्या भेगा तितके देव होते, आणि नवा देव दिसला की मी समजून जायची. भर दुपारी सगळं चिडीचूप असताना एखादी भिंत 'कट्' असा आवाज करायची. मी दचकायची. मालक शांतपणे म्हणायचे, "घर बोलायलंय. तहान लागली असंल."

म्हणून ते पाणी. काळीला ओल राहिली तर ती फाटणार नाही, पाया हलणार नाही, हा त्यांचा हिशेब. तसा तो अगदी खुळा नव्हता. पण जन्मभर पुरवायचा होता.

एवढी घाई कशाची होती, तर शहराची. फाट्यावर शहर होणार होतं. कोणी सांगितलं म्हणाल, तर कुणीच नाही. पण रस्त्यालगतचं आपलं रान त्यांनी पेरायचं सोडून दिलं होतं आणि त्यात चुन्याने माखलेले दगड मांडून ठेवले होते. संध्याकाळी पाणी पाजून झालं की मला हिंडवून दाखवायचे. "हितं बँक. हितं बसस्टँड, पाथरीपेक्षा मोठं. हितं कोर्ट."

"कोर्ट कशाला मालक?"

"शहर म्हनल्यावर भांडनं होनारच की बाई."

माझी खोली या नकाशात सरकारी दवाखान्याच्या जागेवर येत होती. त्यामुळे कुणी पाहुणा आला की ते ओळख करून देत, "ह्या आमच्या बाई. सध्या दवाखान्यात ऱ्हातात." पाहुणा हळहळून विचारायचा, काय झालंय बाईंना. दोनदा तर मला केळी मिळाली.

सकाळी ते कडुलिंबाखाली लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, चारी तालुक्यांच्या एसट्या आणि काळ्यापिवळ्या जीपा तिथून जात. जीप थांबली की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय, सेलूला काय नवीन आलं?" किंवा पाथरीला, किंवा जिंतूरला. सेलूला मोठं कापडदुकान झालं म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. जीपवाले मोठे द्वाड. एकाने सांगितलं, "मालक, पाथरीत सरकता जिना आलाय." मालक त्या दिवशी जेवले नाहीत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या जीपवाल्याला दुसऱ्या दिवशी अशी शिव्यांची लाखोली वाहिली की महिनाभर त्याने फाट्यावर ब्रेक लावला नाही.

पिंगळीचा विषय मात्र काढायचा नाही. पिंगळीला रेल्वे स्टेशन आहे, गाडी थांबते, आणि तरी पिंगळी पिंगळीच राहिली. मी एकदा चेष्टेत म्हटलं, तर मालक खुर्ची मिटून घरात गेले.

आमच्या डोळ्यांदेखत तालुकेच्या तालुके बदलत होते, हे खरंच. जिकडेतिकडे कापूस होता तिथे सोयाबीन आलं. कालव्याच्या पट्ट्यात ऊस आला. बैल गेले आणि ट्रॅक्टर आले. मोबाइलचा टॉवर आला तेव्हा मालकांनी त्याच्या पायाशी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि आम्हाला सगळ्यांना पेढे दिले. गावातल्या पोरांना न्यायला इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आली, तेव्हाही पेढे. माझ्या शाळेतली पोरं तिच्यात बसून जात होती आणि पेढा माझ्या हातावर होता. मी खाल्ला, काय करणार.

काकूंचं बघणं उलटं. मालक आलेलं बघायचे, काकू गेलेलं. त्या ज्वारीच्या पिठाने माखलेले हात तसेच धरून मला सांगायच्या, "कापूस होता तवा दिवाळीपासून संक्रांतीपातुर आमा बायांच्या हाताला काम असायचं. येचून येचून बोटं फाटायची, पर घरात आमच्या हातचं यायचं. आता सोयाबीन काय, यंत्र येतंय, आठ दिसात रान मोकळं. बाया कुठं गेल्या, कुनी इचारलं का?" दरसाल मेंढरं घेऊन धनगर यायचे आणि रानात कळप बसवायचे, लेंड्यांचं खत व्हायचं. रानात दगड मांडल्यावर त्यांनी वाट बदलली. धनगरणी काकूंच्या मैत्रिणी होत्या. त्यांच्याविषयी बोलताना काकू एखाद्या मेलेल्या माणसाविषयी बोलावं तसं बोलायच्या.

मालकांचे थोरले भाऊ गावात, पांढरीतल्या जुन्या घरात राहत. गावातली शेवटची बैलजोडी त्यांच्याकडे होती. ते फाट्यावर यायचे, पण घरात पाऊल टाकायचे नाहीत. कडुलिंबाखाली बसून भावाशी भांडायचे आणि चहा पिऊन जायचे.

"काळी ही आई हाय," ते म्हणायचे. "आईच्या छातीवर कुनी घर बांधतं का? झोपंत कूस बदलली की गेलं तुजं घर."

"दादा, जमाना कुठं चाललाय बघ."

"बघितला. तू चारठान्याला जाऊन बघ. केवढाली देवळं हायती तिथं. खेड्यात आसली देवळं कुनी बांधतं का? शहर होतं ते एके काळी. गाव मोठं होतं तसं बारीकबी होतं, बाबा. त्येला काय तुजी इजाजत लागत न्हाई."

"तिथं फाटा न्हवता," मालक म्हणायचे. यावर थोरले उरलेला चहा एका घोटात संपवून उठायचे.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण त्या वेडामागे एक गोष्ट होती आणि ती हसण्यासारखी नव्हती. मालकांचा एकुलता एक मुलगा पुण्याकडे, चाकणला कंपनीत होता. आमच्या भागातली पोरं जातात तसा गेला होता. जाताना, एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून, बापाची समजूत घालायला म्हणून तो बोलून गेला, "फाट्याचं शहर होऊ द्या दादा, मंग येतोच मी. दुकान टाकू." पोरगं बोललं आणि विसरलं. बापाने मात्र दुसऱ्याच महिन्यात घराला लागून रस्त्याच्या बाजूने एक गाळा बांधायला काढला. त्याला हिरवं शटर बसवलं. आत काही नव्हतं. दसऱ्याला शटर वर करायचं, आत नारळ फोडायचा, पुन्हा खाली घ्यायचं. दरसाल काळी हलली की शटरची चौकट तिरपी व्हायची आणि ते अडकायचं. मग मालक तेलाची बुधली घेऊन दिवस दिवस त्याच्याशी झटायचे. "पोरगं आलं आन् शटरच उघडलं न्हाई, तर इज्जत काय ऱ्हायली?" तेव्हा पाणी पाजायचं ते घरासाठी नव्हतंच. ते गाळ्यासाठी होतं. शहर येईल तेव्हा येईल, तोवर गाळा उभा राहायला हवा, नाहीतर पोरगं यायचं कुठे?

मुलगा दिवाळीला यायचा. मालक त्याला चुन्याचे दगड दाखवत हिंडायचे आणि तो मोबाइलकडे बघत "हां दादा, हां दादा" म्हणायचा. भाऊबीज झाली की तो जायचा.

मग तो उन्हाळा आला. विहिरी खरवडून निघाल्या, बोअर धुरळा ओकू लागले. टँकर सुरू झाला, तो गावात. गावाच्या आडात पाणी सोडायचे आणि बाया ओढून घ्यायच्या. फाट्यावर टँकर येत नव्हता, कारण सरकारच्या लेखी फाटा म्हणजे काही गाव नव्हतं. काकू रोज डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन गावातून पाणी आणायच्या. मी शाळेतून येताना माझ्या खोलीपुरतं आणायची. हंडा डोक्यावर घेऊन त्या वाटेने चालणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मान आतून पेटते. वाटेत बोलवत नाही. काकूंचं वय माझ्या आईचं होतं.

मालक त्यातलं पाणी घराला पाजत होते. आधी भांडी विसळलेलं, मग आंघोळीचं. मालकांनी स्वतः आंघोळ सोडली होती. तोवर काकू काही बोलल्या नाहीत.

परीक्षेचे दिवस होते, मी दुपारीच परत आले. काकूंच्या अंगात कणकण होती. भरलेली घागर ओसरीवर ठेवून त्या आत जाऊन पडल्या. थोड्या वेळाने गाळ्याच्या बाजूने मोठा आवाज झाला, नेहमीच्या 'कट्'पेक्षा मोठा. मी बाहेर आले तर गाळ्याची भिंत घरापासून सुटली होती, मधून पलीकडचा रस्ता दिसत होता. मालक त्या फटीसमोर उभे होते. मग त्यांनी घागर उचलली, बादलीत ओतली आणि कोपऱ्यापासून पाणी सोडायला सुरुवात केली. एक बादली, मग दुसरी. जमीन ते इतक्या घाईने ओढून घेत होती की ओल दिसतसुद्धा नव्हती. मला ओरडावंसं वाटलं. पण ते वाकून गाळ्याला विचारत होते, "प्यालास का?"

काकू उठून बाहेर आल्या. घागरीत हात घातला. घागर वाजली.

"पानी कुठंय?"

"पाजलं," मालक म्हणाले.

"कुनाला?"

"गाळ्याला. भिंत सुटायलीय. पोरगं आलं तर…"

"आवो, मला तहान लागलीय."

मालक रिकामी बादली धरून उभे राहिले. "उद्या आनू की."

"कोन आनू? आननारी मीच हाय."

मी धावत जाऊन माझ्या हंड्यातला तांब्या भरून आणला. काकूंनी तो वर करून, एक थेंब न सांडता, घटाघटा रिकामा केला. तोंड पुसलं. मग शांतपणे घागर उचलून डोक्यावर ठेवली आणि मालकांच्या हातातली बादली काढून घेतली. ओढून घ्यावी लागली, त्यांची बोटं सुटत नव्हती.

"बादली माज्या म्हायेरची हाय," काकू म्हणाल्या. "बाई, ह्या घराची तहान भागनारी न्हाई. मी आता बघितलं."

त्या गावाकडे निघाल्या. मालकांनी हाक मारली नाही. मला त्या दिवशी त्या माणसाचा इतका संताप आला की आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते दुसऱ्या दिवसापासून रंगाच्या रिकाम्या डब्याने पाणी घालू लागले. गावातून स्वतः आणायचे, अनवाणी, आणि सगळंच्या सगळं घराला घालायचे.

काकू दिरांच्या घरी, पांढरीत राहिल्या त्या राहिल्याच. पाऊस पडला, विहिरी भरल्या, तरी परतल्या नाहीत. पण रोज दुपारी शाळेच्या ओट्यावर येऊन माझ्याजवळ भाकरीचं फडकं द्यायच्या. मी ते फाट्यावर पोचवायची. "कसे हायत ह्ये?" असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारायच्या, "घर कसं हाय?" आणि मी घराविषयी सांगायची. घराने नीट जेवण केलं, घराला खोकला आहे, घर गप्प गप्प आहे.

मालक अर्ज लिहायचे, हे सांगायचं राहिलं. खिशातली दोन पेनं त्याचसाठी. दरसाल एक अर्ज, मजकूर एकच : आमच्या फाट्यावरचा रस्ता शहराच्या मानाने अरुंद आहे, तो रुंद करावा. कुणाला पाठवायचे कोण जाणे. शेवटी रस्ता रुंद व्हायचं ठरलं. त्यांच्या अर्जाने नव्हे, पण ते त्यांना कोण सांगणार? मोजणीवाले आले त्या दिवशी मालकांनी न्हावी बोलावून दाढी केली. टेपचं एक टोक स्वतः धरलं. मोजणीवाल्यांना म्हणायचे, "आजून घ्या की, आजून घ्या. शहराचा रस्ता हाय, कंजूषी कामून करायलात?"

टेप रस्ता ओलांडून आला, शटरखालून आत गेला, गाळ्याच्या मागच्या भिंतीपाशी थांबला नाही, आणि माझ्या खोलीतल्या कॅलेंडरपर्यंत आला. एका तरुण मोजणीवाल्याने देवाच्या शेजारी लाल रंगाची खूण केली.

"ह्ये निशान कशाचं?" मालकांनी विचारलं.

"इथपर्यंत रस्ता, काका."

"आन् फाटा?"

"फाट्यावरून पूल जाणार."

"मंग पुलावरून उतरायचं कुठं? एसटी कुठं थांबनार?"

"थांबायचं नाही म्हणून तर पूल," तो पोरगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. खरं ते त्याने सांगितलं.

मालकांनी टेपचं टोक खाली ठेवलं. टपरीवर जाऊन सगळ्यांना चहा सांगितला. संध्याकाळी डबा घेऊन ते पाणी पाजायला निघाले तेव्हा मला राहवलं नाही. "मालक, आता कशाला? पाडणारच आहेत ते."

"पाडायचं तवा पाडतील," ते म्हणाले. "तवर तहानलेलं ठेवायचं का?"

पुढे माझी बदली सेलू तालुक्यात झाली, आणि उरलेलं काकूंनी फोनवर सांगितलं. मुलगा आला, सह्या झाल्या, जमिनीचा मावेजा, म्हणजे भरपाई, मिळाली, त्याचा पुण्याकडे फ्लॅट झाला. यंत्र आलं त्या दिवशी मालकांनी यंत्रवाल्याला एकच विनंती केली, आधी शटर सोडवू द्या. मग यंत्राने एक धक्का दिला आणि घर बसलं. "यंत्रवाला म्हनायला, ह्येला पाडायचं काय, ह्ये तर आदीच सुटलेलं हाय," काकू म्हणाल्या. मुलगा बापाला फ्लॅटवर घेऊन गेला. तिथे मालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, खाली माती कोणती आहे. सातव्या मजल्यावर त्यांना झोप येईना. जमीन पायाला लागेना. पंधरवड्यात मुलगाच आणून सोडून गेला, गावात, पांढरीत. जाताना त्याने सांगितलं, "आता तिकडंच सेट झालोय दादा." शहर होऊ द्या, मग येतो, असं या वेळी म्हणाला नाही.

मागच्या महिन्यात पाथरीला एका लग्नाला निघाले होते. फाटा आला तशी मी सवयीने उठून दारापाशी गेले. एसटी पुलावर चढली. खाली कडुलिंब नव्हता, टपरी नव्हती, चुन्याचे दगड सिमेंटखाली गेले असतील. कंडक्टर म्हणाला, "बाई, इथं स्टॉप नाही." पूल उतरून बरंच पुढे त्याने मला सोडलं. मी उलटी चालत आले. नव्याकोऱ्या सिमेंटच्या रस्त्यालासुद्धा लांबच लांब भेग गेली होती. मला हसू आलं नाही.

थोरले भाऊ दोन वर्षांमागे वारले. बैल त्यांच्याआधी गेले. रिकाम्या गोठ्यात ते हिरवं शटर भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, तेल दिलेलं, चकचकीत. मालक ओट्यावर बसले होते. फार वाळले होते. शर्टाच्या खिशाला पेनं तशीच. मला त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही.

"कुठून आलात?"

"सेलूहून, मालक."

"सेलूला काय नवीन आलं?"

मी म्हटलं, "काही नाही. पोरं निघून गेलीत सगळी." ते ऐकून घेत राहिले. या वेळी त्यांचा चेहरा पडला नाही. आनंदही झाला नाही.

काकूंनी चहा केला. दिवस कलला तसे मालक ओट्याला धरून उठले. काकूही उठल्या. रांजणाशी गेल्या. मी बघितलं, हातात तीच पितळी बादली होती, एका बाजूला चेपलेली.

"काकू, हे अजून…"

"रोज. त्याबिगर जेवत न्हाईत."

पांढरीचं घर मातीचं. काळीला पाण्याने बळ येतं असं निदान म्हणता तरी येईल, पांढरीच्या भिंतीला पाणी म्हणजे वाळवीच. त्या घराची खालची हातभर भिंत ओलीकच्च होती. पोपडे सुटले होते, कोपरा आत गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या न हललेलं घर ते आपल्या हाताने पाडत होते.

"अहो, भिंत पडेल ना," मी म्हटलं.

"पडंल तवा पडंल," काकू म्हणाल्या. "तवा मी बादली हिसकून घेतली, बाई. त्येच्यामागं काय ऱ्हायलं ह्यांच्याजवळ?"

त्यांनी तांब्या तांब्याने बादली भरली. अर्धीच भरली, त्यांना आता पूर्ण उचलवत नाही म्हणून. मालकांनी ती घेतली आणि भिंतीच्या कडेने, वाकून, हळूहळू पाणी सोडत निघाले. काकू त्यांच्या मागे मागे चालत होत्या.